पंधरा वॅट म्हणजे किती बाया?

काल्हेरची गोदूबाई देवाची विनवणी करत नाही. ती देवाला बोलावते, आणि यायला उशीर झाला तर झापते.

तो तिचा धंदाच आहे. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. तिनं पाटाजवळ बसून धवला गायचा, एकेका देवाला नाव घेऊन मांडवात आणायचं, बसवायचं, मग घरातल्या मेलेल्या माणसांना आणायचं, आणि सगळे आले की नवऱ्याच्या अंगाला हळद. भटजी येतो तो दुसऱ्या दिवशी, वाढलेल्या पानावर बसल्यासारखा. हे गोदूबाईचं मत. भटजीचं वेगळं असेल.

तिची आई पार्वती, तीही धवलारीणच. तिनं लेकीला एक रीत लावून दिली होती. कडवं मोठ्यानं गायचं, मागच्या बायांनी ते ओढायचं, म्हणजे लांबवून परत म्हणायचं, आणि बाया ओढत असतात तेवढ्या सवडीत त्या त्या देवाच्या कानात, अगदी हळू, लग्नघराची माहिती घालायची. कारण मुहूर्त एकच असतो आणि त्या मुहूर्तावर ठाणे जिल्ह्यात लग्नं ढीगभर. देव झाला तरी गोंधळणारच. खंडोबा काल्हेरला यायचा तो वडप्याला जाऊन बसेल. म्हणून सांगायचं, हे घर अमक्याचं, मागं निळ्या पत्र्याचं गोदाम आहे, नवरा मुलगा हा, जरा हट्टी आहे, नवरी चांगली आहे, तिच्या मामाकडे लक्ष ठेव, तो पिऊन येतो. ही कुजबूज देवाची आणि धवलारणीची. माणसाच्या कानावर ती कधी पडली नव्हती.

पुढे डीजे आला आणि कुजबूज राहू द्या, कडवंही कुणाच्या कानावर पडेना.

गेल्या वर्षी कशेळीच्या एका लग्नात गोदूबाईनं गणपतीपासून गावदेवीपर्यंत सगळ्यांना आणलं, बसवलं, आणि तोंड पुसून पानाला चुना लावायला घेतला. तेवढ्यात नवरीची आई धावत आली.

"आत्या, येल होतेय. सुरू कंदी करनार?"

गोदूबाईनं चुन्याचं बोट तसंच धरलं. "झाला."

"कंदी?"

त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जेवली. कोलंबी होती. पण जेवताना बोलली नाही, आणि तिच्या घरच्यांना त्याचीच जास्त धास्ती वाटली.

त्यानंतर एका सकाळी बाळारामशेठ दारात आला. काल्हेरमध्ये त्याची गोदामं आहेत, त्यामुळे सगळे त्याला शेठ म्हणतात. गोदूबाई त्याला बाल्या म्हणते. लहानपणी दोघांनी खाडीत एकत्र चिंबोऱ्या धरल्या आहेत, आणि चिंबोरीनं कुणाचं कुठलं बोट धरलं होतं हे तिच्या लक्षात आहे. बरोबर त्याचा नातू भाविक होता. लग्न भाविकचंच.

"गोदूबाय, रागाव नको," बाळाराम बसायच्या आतच म्हणाला. "पोरांनी धवला भरून आनलाय त्या काडीत."

"कुठल्या काडीत?"

"पेन ड्राइव्ह, आजी," भाविकनं खिशातून काढून दाखवला. "ओरिजिनल धवला. नॉनस्टॉप. डीजेवाला लावेल, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल."

गोदूबाईनं ती काडी हातात घेतली, उलटसुलट केली. "या काडीला तुझ्या आज्याच्या बापाचा नाव ठाव हाय? त्याला कोन बोलवनार मग?"

भाविकला ते नाव स्वतःलाच आठवेना. तो आजोबांकडे बघायला लागला.

"तसा न्हाय गो," बाळाराम म्हणाला. "पन ऐकालाच येत न्हाय तर कनाला घसा फोडतंस? आता वय झाला. मानाचा लुगडा घे, खुर्चीवर बस, पोटभर जेव."

लुगडं आणि जेवण तिला चाललं असतं. खुर्ची लागली. धवलारीण पाटाजवळ बसते. खुर्चीवर पाहुणे बसतात.

"बाल्या, तुझ्या हलदीला मी आयच्या मागं बसून ओढला. तुझ्या पोराच्या हलदीला मी गायला. आनि आता काडी?"

बाळाराम धंद्याच्या माणसासारखा तोडग्यावर आला. "बरा. गेटापरत ऐकाला आला पायजे. मी स्वता गेटावर उभा ऱ्हानार. आला तर तू गा. न्हाय आला तर काडी."

गेट म्हणजे त्याच्या गोदामाचं लोखंडी गेट. पाटापासून तिथपर्यंत मांडव, खुर्च्या, आईस्क्रीमवाला, आणि मध्ये भिंतीसारखे रचलेले डीजेचे डबे. गोदूबाईनं मनात अंतर मोजलं आणि "येईल" म्हणाली. बाळाराम वळणावरून दिसेनासा झाला तशी आत वळून ओरडली, "विनिता! तो फोन काढ तुझा! बोलायचा डबा पायजे, मोठ्या आवाजाचा!"

विनिता तिची सून. ती भिंतीपलीकडच्या गोदामात पॅकिंगला जाते, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंच्या. हातातल्या बंदुकीनं खोक्यावर लाल उजेड मारायचा, टिक् वाजलं की पुढे ढकलायचं. मुंबईतल्या माणसाच्या कानात जे काही अडकतं ते आधी विनिताच्या हातून गेलेलं असतं. आणि ज्या जमिनीवर ते गोदाम उभं आहे तिथं गोदूबाईच्या सासऱ्याची भातखाचरं होती.

"आय, ऑनलाइन मागवू. बाजारापेक्षा स्वस्त पडेल."

"मागवायचा कनाला? जाऊन आन ना. भिंतीपलीकडं तर हाय."

"तसं नाय होत. ते इथून निघणार, मोठ्या गोदामाला जाणार, तिथून ठाण्याला, मग आपल्याकडं येणार."

"आपल्याच शेतातना निघून ठान्याला जाऊन परत आपल्याच घरी?" गोदूबाईनं विचारलं. "माहेरपनाला गेलीय का ती?"

विनिताला एक व्यसन आहे. फोनवर वस्तूंची तुलना करायची सोय असते. दोन वस्तू शेजारी उभ्या करायच्या, खाली हिरव्या नि लाल खुणा येतात, कुणात काय आहे आणि काय नाही. दुसऱ्या बाया जपमाळ ओढतात तशी विनिता या खुणा ओढते. मिक्सरची तुलना ती मागच्या दिवाळीच्या मागच्या दिवाळीपासून करते आहे आणि चटणी अजून पाट्यावर वाटते आहे. दर वेळी घ्यायच्या क्षणी आणखी एक मिक्सर निघतो, त्याला एक हिरवी खूण जास्त असते. आता सासूसाठी स्पीकर शोधायचा म्हटल्यावर तिच्या अंगात आलं.

"हा बघा. पंधरा वॅट, आठ तास बॅटरी, पाण्यानं खराब होत नाय, चार पॉइंट एक तारे."

"पंधरा वॅट म्हंजे किती बाया?"

"काय?"

"माझ्या मागं दहाबारा बाया ओढतात. या पंधरा वॅटात बाया किती मावतात ते सांग."

ही माहिती कुठल्याच खुणेत नव्हती. विनितानं खाली सरकवून लोकांचे अभिप्राय वाचायला घेतले. "एकानं लिवलंय, वडिलांना दिला, वडील खूश. एक तारा."

"वडील खूश तर एकच कनाला?"

"त्याला खूश करायचे नसतील. दुसरा लिवतो, आवाज मस्त, डबा फुटका आला. पाच तारे."

"या तारेवाल्यांचा काय खरा न्हाय," गोदूबाई उठली. "डोल्यांनी बगू. चल भिवंडीला."

कल्याण नाक्याजवळ काचेचं मोठं दुकान आहे. आत शिरलं की थंडी वाजते. टायवाल्या पोरानं दोघींना बघितलं, गोदूबाईचं काष्ट्याचं लुगडं बघितलं, आणि सवयीनं मिक्सरकडे हात केला. विनिता तिकडे वळलीच होती. गोदूबाईनं तिला दंडाला धरून परत आणलं.

"बोलायचा डबा पायजे. हलदीला."

पोरगा खुलला. चाकांचा, कमरेइतका उंच स्पीकर त्यानं ओढत आणला. अकरा हजार. आज घेतला तर नऊ. वर निळे-तांबडे दिवे, आत माइक, पेन ड्राइव्ह घालायला जागा. ती जागा बघूनच गोदूबाईचं तोंड कडू झालं. त्यानं गाणं लावलं. छातीत धडधड झाली, दिवे फिरायला लागले, शेजारच्या टीव्हीच्या काचा थरथरल्या.

"कसा वाटला, आजी?"

"हा लावला तर देव उठून नाचतील रं. मना त्यांना बसवायचाय."

"माइक ट्राय करा. हॅलो हॅलो म्हणा."

तिथं त्याची चूक झाली. धवलारणीचं तोंड हॅलोनं उघडत नाही. पाटापुढं असो की माइकपुढं, ते गणपतीच्या नावानंच उघडतं, आणि एकदा उघडलं की मध्ये बंद करता येत नाही. बोलावलेले देव अर्ध्या रस्त्यात उभे कसे ठेवणार? गोदूबाईनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. गणपती आला. गावदेवी आली. एकवीरा आई डोंगर उतरेपर्यंत फ्रीज घ्यायला आलेलं एक कुटुंब स्पीकरभोवती हात जोडून उभं राहिलं होतं आणि मॅनेजर आतून धावत येत होता.

"मावशी, बंद करा. बाकीचं घरी."

"आता नाय होत," विनितानं त्याला समजावलं. "अजून पुष्कळ देव बाकी आहेत."

"त्यांना उद्या बोलवा!"

गोदूबाईनं एक डोळा उघडला. "खंडोबा जेजुरीवरना निघालाय. त्याला परत जायला तुम्ही सांगता का मी सांगू?"

मॅनेजरचं कुलदैवत खंडोबाच निघालं. तो दोन पावलं मागं सरला. एसीकडच्या पोरानं बूट काढून बाजूला ठेवले. सगळे देव येऊन बसेपर्यंत त्या दुकानात विक्री झाली नाही. शेवटी गोदूबाईनं माइक परत दिला आणि "हा नको, याच्यात माझा आवाज रेड्यासारखा येतो" असं सांगून ती बाहेर पडली.

एसटी स्टँडजवळच्या फुटपाथवर याच्या उलट. तिथं सगळ्या कंपन्यांची सगळी नावं होती आणि कुठल्याच कंपनीचा माल नव्हता. एका हाताएवढ्या, माइक असलेल्या स्पीकरचा भाव दोन हजारापासून निघाला आणि गोदूबाई चार पावलं पुढे जाईपर्यंत तीनशेवर आला.

"चार पावलांत भाव एवढा बसतो," ती विनिताला म्हणाली, "तर आवाज गेटापरत कसा जायचा?"

तरी देवाला संधी द्यावी म्हणून तिनं तो हातात घेतला. गणपती आला, गावदेवी आली, आणि वज्रेश्वरी रस्त्यात असताना डब्यातून कुणी बाई इंग्रजीत काहीतरी बोलली आणि डबा मेला.

"ही कोन बाय मधीच बोलली?"

"बॅटरी संपली म्हणाली."

"मेली, देवीला रस्त्यात टाकून गेली." आणि उरलेला धवला गोदूबाईनं तिथंच, हातगाड्यांच्या मध्ये, आपल्या घशानं पुरा केला. रिक्षावाल्यांना वाटलं भांडण लागलंय. बरेच जमले.

तीन बत्तीला अय्यूबचं दुकान आहे. दुकान कसलं, बोळच तो, एवढा अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की अय्यूबला श्वास रोखावा लागतो. बाप रेडिओ दुरुस्त करायचा, हा मोबाइल करतो, आणि विकतोही. विनितानं आपला फोन पुढे धरून वॅट, तास आणि तारे सांगायला सुरुवात केली. त्यानं ते पुरतं ऐकलंही नाही.

"आत्या, वाजवायचाय कुठं?"

"डीजेच्या पुढं."

"डीजेचे वॅट हजारानं. तुम्ही पंधरा न्या नाहीतर पन्नास न्या, वॅटनं त्याला मारू शकत नाय. त्याच्यामधून वाट काढणारा आवाज पाहिजे. चला मागं."

दुकानाच्या मागं त्याच्या मेव्हण्याचा लूमचा कारखाना. दार उघडलं आणि खटखटीनं कानावर थाप मारली. दोन रांगा लूम, सगळे चालू, मधल्या वाटेवर कापसाचे पुंजके. इथं माणसं बोलत नाहीत, हातवारे करतात. अय्यूबनं चार डबे आणून दाराशी मांडले, पार टोकाच्या कारागिराला खुणेनं सांगितलं, अम्माचा आवाज आला की हात वर कर, आणि गोदूबाईकडे वळला. "इथं ऐकू आला तर डीजेची काय बिशाद?"

पहिला डबा मोठा. गोदूबाई गायली. कारागीर धागा जोडत राहिला. दुसरा त्याहून महाग. कारागिरानं मान वळवली, पण ती तंबाखूसाठी. तिसऱ्याला त्यानं हात वर केला, मग कळलं की काख खाजवत होता. चौथा डबा वहीएवढा, पट्ट्यानं कमरेला बांधायचा, त्याची तार कानामागून तोंडापाशी येते. भाजीवाले आणि क्लासचे मास्तर वापरतात तो. पंधरा वॅट. दिवे नाहीत, काडी घालायला जागा नाही. गोदूबाईनं बांधला आणि तोंड उघडलं. कर्कश, पातळ, सुईसारखा आवाज लुमांच्या खटखटीतून आरपार गेला. कारागिरानं दोन्ही हात वर केले. ती मागच्या बाया नसतानाही सवयीनं थांबून खंडोबाच्या कानात कुजबुजली, पुन्हा गायली, सगळे देव बसवून थांबली.

कारागीर लूम बंद करून चालत आला. "अम्मा, सब सुनाई दिया. ये खंडोबा कौन हैं? इतना डाँट क्यों रही थीं उनको?"

गोदूबाईला त्यातलं 'सब सुनाई दिया' तेवढं हवं होतं. पुढचं तिनं ऐकलं नाही. विनितानं ऐकलं, पण तिचं डोकं फोनमध्ये होतं.

"आय, हाच ऑनलाइन ऐंशी रुपये कमी आहे."

"ऐंशी रुपड्यांसाठी याला ठान्याला पाठवू नको."

"आत्या," अय्यूबनं शेवटचं विचारलं, "दोनशे जादा दिले तर तारेवर बटण असलेला आहे. नको तेव्हा आवाज बंद करता येतो."

"माझे हात हलदीत असनार. बटना कोन दाबनार? आनि नको तेव्हा म्हंजे कंदी? मी नको तेव्हा बोलतच न्हाय."

विनितानं छताकडे बघितलं. तारेवरच्या बटणाचा डबा दुकानातच राहिला.

हळदीच्या संध्याकाळी बाळारामाच्या मांडवात गाव लोटलं होतं. भाविक पाटावर, भोवती बायांचं कडं. बायांच्या बाहेर पुरुषांच्या खुर्च्या, खुर्च्यांखाली ग्लास. डीजेचे डबे छातीवर बसल्यासारखे वाजत होते. गेटावर बाळाराम उभा होता, कानामागं हात धरून, शब्दाचा पक्का.

गोदूबाई आली तशी भाविकचे मित्र हसले. कानामागची तार तोंडापाशी वळलेली. "आजी, कस्टमर केअर का?"

"होय, देवांचा," ती म्हणाली आणि पाटाजवळ मांडी घालून बसली.

पहिलं कडवं डीजेच्या धडधडीतून सरळ बाहेर गेलं. खुर्च्यांवरची डोकी वळली. गेटावर बाळारामानं कानामागचा हात हळूच खाली घेतला. पैज तिथंच संपली होती. विनितानं सुस्कारा सोडला. बायांनी कडवं ओढायला घेतलं, आणि गोदूबाई खाली वाकून गणपतीच्या कानाला लागली.

"ये बाप्पा, बस. गेल्या येलचा मांडव याच्यापेक्षा बरा होता, पन हाय त्यात भागव. मोदक न्हाईत, आईस्क्रीम हाय."

हे गेटापरत गेलं. काहींना वाटलं गाण्यातलंच आहे. ओढणाऱ्या बाया अडखळल्या, पण पन्नास वर्षांची सवय, ओढत राहिल्या. दुसरं कडवं झालं, गावदेवी आली.

"ये आय. मना ठाव हाय, तुझी जागा गोदामात गेली. बाल्यानं तुना नवा देऊल बांधलाय, पांढऱ्या टाइल्सचा, बाथरूमसारखा. राग धरू नको. त्याला अक्कल तेवढीच."

मांडव हसून फुटला. गेटावर बाळारामाच्या शेजारी उभे असलेले लोक सावकाश त्याच्यापासून लांब सरकले. डीजेवाल्या पोरानं आपल्या गाण्याचा आवाज कमी केला. आदरानं नाही, पुढचं ऐकायचं होतं. खंडोबा आला. त्याला दोन्ही बायका घरी ठेवून आल्याबद्दल शाबासकी मिळाली, आणि नवरीच्या मामाचं वर्णन दिलं गेलं, शर्टाच्या रंगासकट. मामानं खुर्चीखालचा ग्लास पायानं मागं सारला. तो ज्याच्या पायाशी गेला त्यानं तो आणखी मागं सारला. आता डीजे पूर्ण बंद होता. ज्यांचं नाव अजून आलं नव्हतं त्यांची बोलती आधी बंद झाली.

एकवीरा आईची पाळी आली तेव्हा गोदूबाईचा आवाज आणखी मऊ झाला. "आनि ह्यो भाविक, आई. तोंडानं लय मोठा. पन आतना भ्यालाय. सकालपासना जेवला न्हाय. त्या पोरीला फोन करकरून विचारतोय, खरंच येशील ना. येईल ती, त्याला तेवढा सांग."

मित्र खिंकाळले. भाविक हळद लागायच्या आधीच लाल झाला. पण तो उठला नाही. मान खाली घालून त्यानं तळहात मांडीला पुसले.

विनिता कड्यातून घुसली आणि सासूच्या कमरेला हात घातला. डबा लुगड्याच्या घोळात कुठं अडकला होता कोण जाणे. डब्याचं चालू-बंदचं बटण मागच्या बाजूला, बारीक. गोदूबाईनं तिच्या हातावर चापट मारली. तीही गेटापरत ऐकू गेली.

"थांब गो! आता मेलेली मानसा यायचीत."

मेलेल्यांत बाळारामाचा बाप आला, आई आली. मग हौसा. हौसा म्हणजे बाळारामाची बायको. तिला जाऊन दोन पावसाळे झाले होते. भाविकला तिनंच वाढवलं. गोदूबाईनं तिच्या नावाचं कडवं गायलं, बायांनी ओढलं, आणि ती हौसाच्या कानाला लागली.

"ये हौसा. हितं माझ्या बाजूला बस. गुडघा दुखत असंल तर पाय लांब कर, आता कोन बोलनार न्हाय तुना. नातवाला बग. नाक तुझाच घेतलाय. बाल्याचा घेतला असता तर पोरगी मिलाली नसती. बाल्या बरा हाय. गोल्या येलेवर घेत न्हाय. तुझी खाट अजून हलवून देत न्हाय कोनाला, सुनेनं दोनदा सांगून बगितला."

कुणी हसलं नाही. आईस्क्रीमवाल्यानं झाकण धरून ठेवलं, वाजू नये म्हणून.

बाळाराम गेटावरून निघाला. खुर्च्यांच्या मधून येताना लोक पाय आखडून वाट देत होते, आणि शेठ आता काय करणार हे न कळून एकमेकांकडे बघत होते. हळदीच्या कड्यात पुरुष जात नाहीत. तो कड्याशी आला, बाया सरकल्या, आणि तो सफारीच्या इस्त्रीची पर्वा न करता जमिनीवर बसला.

"गोदूबाय. परत बोलव तिला."

गोदूबाईनं वर बघितलं. "कोनाला?"

"हौसाला. आता बोललीस ते परत सांग. ती गेटाकडना आली असंल, गर्दी हाय. नीट ऐकाला आला नसंल तिला."

"तुना कसा ऐकाला आला रं?"

"सगल्या गावाला आला."

गोदूबाईनं विनिताकडे बघितलं. विनितानं मान हलवली. तिनं बायांकडे बघितलं. बायांनी पदर तोंडाला लावले होते.

"कुठना?" तिनं हळूच विचारलं. तेही गेटापरत गेलं.

"आईस्क्रीमपासना," बाळाराम म्हणाला. "बाथरूमबी ऐकला. त्याचा उद्या बगू. आता तिला बोलव."

गोदूबाईनं लुगड्याच्या घोळात हात घातला, डबा शोधला आणि हळदीच्या बोटानं त्याची आवाजाची चकती थांबेल तिथपर्यंत फिरवली.

"हौसा!" ती ओरडली, आणि रस्त्यापलीकडच्या गोदामातले हमाल दारात आले. "ये गो! बाल्या बोलवतोय! लवकर ये, हा रडायला लागलाय, आनि याला रडताना बगवत न्हाय!"

मागच्या बायांनी ते तसंच्या तसं ओढलं.